भीती आणि धोका : दोन वेगळी खाती

शाळांना सुट्ट्या लागल्या की धायरी, नऱ्हे, वडगाव या आपल्या परिसरातील घराघरांत सहलीचे बेत ठरू लागतात. अलीकडे नातवंडांच्या तोंडी एक नाव हमखास असते : खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातील ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर. मुलांनी नाव काढताच वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. “तिथे माणसाला उलटे करतात म्हणे!” “मध्येच थांबले तर?” “पैसे मोजून जीव धोक्यात घालण्याची हौस कशाला?” हे प्रश्न मुळीच गैर नाहीत. दाम मोजण्यापूर्वी माल पारखून घ्यावा, हे व्यापारी घरात लहानपणापासून शिकवले जाते. तेव्हा या महिन्यात आपण याच मालाची पारख करू. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांचा सल्ला घेऊन, नववीत शिकणाऱ्या नातवाच्या शेजारी बसून मी ती फेरी अनुभवली आहे. त्यामुळे पुढील विवेचन केवळ ऐकीव माहितीवर आधारलेले नाही.

उंचीचे भांडवल

रोलर कोस्टरच्या गाडीला स्वतःचे इंजिन नसते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. नायट्रोसारख्या रचनेत एक साखळी गाडीला पहिल्या चढावरून माथ्यापर्यंत ओढून नेते. तेथे तिचे काम संपते. नंतरच्या सर्व उड्या, वळणे आणि कोलांट्या गाडी केवळ त्या पहिल्या उंचीच्या बळावर पार पाडते. भाषा आपली वापरायची तर उंची हे भांडवल आहे. उतारावर त्या भांडवलाचे वेगात रूपांतर होते, चढावर वेग खर्ची पडून पुन्हा थोडी उंची हाती येते आणि प्रत्येक व्यवहारात घर्षण व वारा आपली दलाली कापून घेतात. म्हणून नंतरचा कोणताही चढ पहिल्याइतका उंच ठेवता येत नाही. आरंभी जे जमा झाले, त्यापेक्षा अधिक खर्च करण्याची सोय या हिशेबात नाही.

नायट्रोचा पहिला माथा सुमारे ४० मीटर, म्हणजे साधारण तेरा मजली इमारतीइतका उंच आहे. तेवढ्या उंचीवरून खाली येताना गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो आणि त्या वेगावर ती प्रवाशांना पाच वेळा उलटे करून सुलटे करते.

हाच हिशेब खोपोलीने शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या कारणासाठी मांडला होता. लोणावळा परिसरात अडवलेले पावसाचे पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली, घाटपायथ्याच्या खोपोलीला आणायचे आणि त्यावर वीज निर्माण करायची, ही टाटांची योजना १९१५ मध्ये कार्यान्वित झाली. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. उंचीवर साठवलेले भांडवल खाली येताना कामाला लावायचे, हे तत्त्व तेव्हा पाण्याला लावले गेले; आज त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी ते माणसांनी भरलेल्या गाडीला लावले जाते.

वर्तुळाने केलेला घात

आता मुख्य शंकेकडे वळू. गाडी उलटी झाल्यावर माणूस खाली का पडत नाही?

पाण्याने अर्धी भरलेली चरवी हाताने जोरात गोल फिरवली, तर ती डोक्यावर उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. हा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी अंगणात केलेला असेल. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मधील मोटारसायकल उभ्या भिंतीला चिकटून फिरते, त्यामागेही तत्त्व तेच आहे. वेगात असलेली वस्तू सरळ जाऊ पाहते आणि भिंत तिला आत वळवत राहते. त्या वळवण्यातूनच दाब निर्माण होतो. रोलर कोस्टरच्या लूपमध्ये, म्हणजे उभ्या फेऱ्यात, हाच दाब प्रवाशाला आसनावर बसवून ठेवतो. वेग पुरेसा असेल तर उलट्या क्षणी आसन आपल्यापासून सुटत नाही, उलट आपण आसनावर टेकलेले राहतो. खांद्यावरून खाली येणारी सुरक्षा चौकट ही त्यानंतरची, दुसरी हमी आहे.

मात्र हे तत्त्व कळल्याने काम भागले नाही. पॅरिसमध्ये १८४६ च्या सुमारास अशी उलटी फेरी देणारी गाडी चालवली गेली. पुढे १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा सुमारे २५ फूट व्यासाचा लूप उभा राहिला. तो भूमितीतल्यासारखा अगदी गोल होता आणि तेथेच घात झाला. प्रवासी खाली पडत नव्हते, परंतु त्यांच्या माना दुखावत होत्या.

कारण सोप्या गणितात सापडते. समजा, गोल लूपची त्रिज्या १० मीटर आहे. त्याच्या माथ्यावरून, म्हणजे २० मीटरवरून, सुखरूप जायचे तर घर्षण नाही असे धरले तरी गाडी किमान २५ मीटर उंचीवरून सुटली पाहिजे. एवढा वेग घेऊन ती लूपच्या तळाशी शिरते, तेव्हा प्रवाशाच्या देहावर त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो. ६० किलोचा माणूस क्षणभर ३६० किलोचा होतो. हा भार हळूहळू चढत नाही. सपाट रूळ संपून गोलाई सुरू होताच तो एकदम कोसळतो. लूप लहान करा अथवा मोठा करा, सहापटीचे हे प्रमाण बदलत नाही. दोष आकारमानात नव्हता, आकारात होता.

१९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉट यांनी कोनी आयलंडवरच लंबगोल आकाराचा ‘लूप द लूप’ उभारला. प्रवाशांचा त्रास पुष्कळ कमी झाला. परंतु एका गाडीत चारच माणसे बसत. बसणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्यांची गर्दी मोठी आणि उभारणीचा खर्च अवाढव्य. अशा धंद्याचे पुढे काय होते, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. दहाएक वर्षांत तो बंद पडला आणि त्यानंतर कित्येक दशके लूपच्या वाटेला कोणी फारसे गेले नाही.

आजचा लूप १९७६ मध्ये अवतरला. जर्मनीचे अँटन श्वार्त्सकॉफ आणि त्यांचे अभियंता सहकारी वेर्नर स्टेंगल यांनी कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन उद्यानासाठी ‘रेव्होल्यूशन’ हा कोस्टर रचला. त्याचा लूप गोल नव्हता. तो उलट्या टांगलेल्या थेंबासारखा, तळाशी पसरट आणि माथ्याशी निमुळता होता. तळाशी गाडी सर्वांत वेगात असते, म्हणून तेथे वळण मोठे. माथ्याशी वेग मंदावलेला असतो, म्हणून तेथे वळण आवळलेले. सरळ रुळाचे वळणात रूपांतर एकदम न होता पावलापावलाने होते. आगगाडीच्या रुळांना वळण देताना अभियंते जी क्रमशः वाढणारी वक्रता वापरतात, तीच येथे उभी केलेली आहे. त्यामुळे सहापटीचा भार चार पटींच्या आसपास उतरला आणि निरोगी माणसाला ते काही क्षण सोसणे शक्य झाले. जगभरच्या आजच्या लूपची घडण याच विचारावर झालेली आहे.

प्रत्यक्ष फेरी

नायट्रोच्या आसनाखाली तळ नाही. पाय मोकळे लोंबतात. चष्मा, मोबाइल, किल्ल्या, खिशातील सुटे पैसे हे सर्व आधीच बाहेर ठेवावे लागते. चौकट छातीवर बसल्यानंतर एक कर्मचारी प्रत्येक प्रवाशापाशी येऊन ती हाताने ओढून पाहतो. दुसऱ्या बाजूनेही तसेच होते आणि दोन्हीकडून अंगठा वर झाल्यावरच गाडी सुटते. तिजोरीच्या दोन चाव्या दोन अधिकाऱ्यांकडे ठेवण्याच्या शिस्तीत ज्याने नोकरीची वर्षे घालवली, त्या माणसाला हे दृश्य पाहून बरे वाटले.

पहिला चढ मला सर्वांत कठीण गेला. गाडी संथ चढत होती. खालून खट्‌-खट्‌ असा आवाज येत होता. रोलर कोस्टरच्या चढावरचा हा आवाज खुंट्यांचा असतो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाचे लोखंडी खुंट रुळालगतच्या दातेरी पट्टीत एकेक दात पुढे अडकत जातात. हे मला ठाऊक होते. तरीही प्रत्येक खटक्यासरशी छातीतील ठोका वाढत गेला. समोर सह्याद्रीची रांग होती, पायांखाली काहीच नव्हते. नातू म्हणाला, “आजोबा, मान मागे टेकवून ठेवा.” सल्ला अगदी योग्य होता.

माथा ओलांडताच पोट वर आले आणि देह हलका झाला. उतारावर वाऱ्यामुळे डोळ्यांत पाणी आले. तळाशी पोहोचताच सारे उलटले. हात जड झाले, गाल खाली ओढले गेले, आसनाने जणू पाठीला आपल्यात रुतवून घेतले. मग लूप आला. ज्या क्षणाची धास्ती मी घेतली होती, तो प्रत्यक्षात सर्वांत सौम्य निघाला. आकाश पायांकडे गेले, जमीन डोक्यावर आली, आणि तरीही पडण्याची भावना क्षणभरही झाली नाही. डोळे उघडे नसते तर आपण उलटे आहोत हे कळलेही नसते. पुढच्या कोलांट्या इतक्या झपाट्याने आल्या की मोजायचे राहून गेले. फलाटावर उतरलो तेव्हा गुडघे किंचित थरथरत होते आणि नातू पुन्हा रांगेकडे पाहत होता.

त्या दिवशी मला जे जाणवले ते असे : भीती ज्या ठिकाणी सर्वाधिक वाटते, धोकाही तेथेच सर्वाधिक असतो, असे नाही. ही दोन वेगळी खाती आहेत आणि आपण त्यांची नोंद वरचेवर एकाच पानावर करतो.

अपघात कोठे घडतात

अपघातांचा इतिहास पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. ३० मे १९७२ रोजी लंडनच्या बॅटरसी पार्कमधील ‘बिग डिपर’वर पाच मुले मृत्युमुखी पडली. गाडी वेगाने धावत असताना ते घडले नाही. ती चढावर संथपणे ओढली जात असताना दोरापासून सुटली, तिला अडवणारी यंत्रणा निकामी ठरली आणि ती मागे घसरली. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया येथे लंबकासारख्या झुलणाऱ्या पाळण्याचा खांबच मोडला आणि दोघांचा जीव गेला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीतील एका उद्यानात रोलर कोस्टरवरून पडून २४ वर्षांच्या तरुणीचा अंत झाला.

सर्वांत बोलका प्रसंग इंग्लंडमधील आल्टन टॉवर्सचा आहे. तेथील ‘स्मायलर’ हा कोस्टर प्रवाशांना चौदा वेळा उलटे करतो. २ जून २०१५ रोजी एक रिकामी गाडी मार्गात अडकून राहिली. रोलर कोस्टरचा मार्ग रेल्वेप्रमाणे टप्प्यांत विभागलेला असतो आणि पुढील टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी आत सोडली जात नाही. यंत्राने आपले काम चोख केले. मागच्या गाडीला थांबवले. कर्मचाऱ्यांना मात्र वाटले की यंत्रच बिघडले आहे. त्यांनी तो अडथळा हाताने दूर करून प्रवाशांनी भरलेली गाडी पुढे सोडली. टक्कर झाली, अनेक जखमी झाले, दोन तरुणींना पाय गमवावे लागले. पुढच्या वर्षी न्यायालयाने चालक कंपनीला ५० लाख पौंड दंड केला.

चौदा कोलांट्यांचा त्यात काहीच दोष नव्हता. दोष होता, तो खातरजमा न करता नियंत्रण बाजूला सारण्याचा. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासायची, हा दंडक असतो. गर्दीच्या दिवशी काउंटरवर रांग वाढली की “आज राहू द्या, नंतर सही करू” असे म्हणण्याचा मोह होतो. जे नुकसान व्हायचे, ते अशाच दिवशी होते. दुकानातही वेगळे घडत नाही. बाजार कोसळेल म्हणून आपण रात्र रात्र जागतो आणि गल्ल्याचा मेळ मात्र “घरचाच माणूस आहे” म्हणून महिनोन्‌महिने घेत नाही.

खुद्द इमॅजिकाची कहाणीही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने हे उद्यान एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले. लोक लूपकडे पाहून घाबरत होते आणि लूप आपले काम निर्वेध करीत होता. कंपनी अडचणीत आली ती कर्जाच्या ओझ्याने. अखेर धनको बँकांशी तडजोड होऊन २०२२ मध्ये तिची सूत्रे संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. मान वर करून पाहणाऱ्याला दिसणारी चढउतार वेगळी आणि ताळेबंदातील वेगळी.

आपल्या दारातला उतार

आता धायरीकडे परत येऊ. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा महामार्गाचा उतार आपल्या रोजच्या वाटेवर आहे. उंचीचे वेगात रूपांतर होण्याचा नियम येथेही तोच आहे. फरक एवढाच की येथे रूळ नाहीत, टप्पे नाहीत आणि गाडी थांबवणारी स्वतंत्र यंत्रणा नाही. सर्व काही चालकाच्या पायावर आणि ब्रेकवर सोपवलेले आहे. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गिअर काढून, प्रसंगी इंजिन बंद करून अवजड वाहन सोडले जाते. इंजिनाचा अवरोध नाहीसा झाला की सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐनवेळी साथ सोडतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री उतारावरून आलेल्या एका मालवाहू ट्रकने पुलापाशी डझनावारी वाहनांना धडक दिली, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे. त्यानंतरही तेथे बळी जात राहिले.

ज्या घरात “नायट्रो नको, जीव धोक्यात येतो” असे सांगितले जाते, त्याच घरातला मुलगा हेल्मेट न घालता दुचाकीवरून या पुलाखालून रोज ये-जा करतो आणि कोणाच्याही कपाळावर आठी उमटत नाही. सवयीने भीती नाहीशी होते. धोका मात्र आपल्या जागी राहतो. लूपमध्ये भीती पुरेपूर आहे आणि धोका जागोजागी बांधून ठेवला आहे. नवले पुलावर भीती उरलेली नाही आणि धोका मोकळा आहे. काळजी ही मर्यादित पुंजी आहे असे मानले, तर ती कोठे गुंतवायची याचा विचार प्रत्येक कुटुंबप्रमुखाने करावा.

जाण्यापूर्वी

उच्च रक्तदाब, हृदयविकार, मान वा पाठीच्या मणक्याचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भावस्था असेल, तर अशा फेरीच्या वाटेला जाऊ नये. साठी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. नातवंडांच्या आग्रहाला तेवढे उत्तर पुरेसे आहे. मुलांसाठी लावलेली उंचीची अट ही त्यांच्या धीटपणाची परीक्षा नाही. चौकट लहान देहावर नीट बसत नाही, म्हणून ती अट असते. टाचा उंचावून ती पार करण्यास मुलांना प्रोत्साहन देऊ नये. बसल्यावर मान मागे टेकवावी आणि चौकट सैल वाटली तर संकोच न करता हात वर करून सांगावे. ज्याला मनापासून नको आहे, त्याला चिडवून बसवू नये. जैन जेवणाची आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची सोय निघण्यापूर्वीच फोनवर विचारून घेतली म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही.

मोठ्या उद्यानांपेक्षा गावोगावच्या जत्रांत रातोरात उभ्या राहणाऱ्या पाळण्यांकडे मला अधिक लक्ष वेधायचे आहे. तेथे उंची थोडी असते, म्हणून भीतीही थोडी वाटते आणि आपण तीन वर्षांच्या बालकाला निःशंकपणे बसवतो. पाळण्याचे पाय पक्क्या जमिनीवर आहेत की विटांच्या थरावर? दांड्याला खिळा आहे की सुतळी? परवानगीचा कागद दाखवला जातो का? गर्दी वाढल्यावर तपासणी घाईत उरकली जाते का? हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटे पुरतात. उत्तरे समाधानकारक नसतील तर मुलाला भुईवरच्या खेळाकडे न्यावे. ते थोडा वेळ रडेल, तेवढे सोसावे.